पावणेतीन तासांच्या घरातली तीन मिनिटं

२८ जुलै २००६ची पहाट अजून व्हायची होती. नामिबियातल्या खोमास पठारावर ‘हेस’ प्रयोगाच्या चार दुर्बिणी दक्षिण आकाशातल्या एका दीर्घिकेकडे वळलेल्या होत्या. पीकेएस २१५५-३०४ हे तिचं नाव, अंतर सुमारे दीड अब्ज प्रकाशवर्षं. अतिऊर्जावान गॅमा किरणांत ही दीर्घिका एरवी मंदच असते. या क्षेत्रात मोजमापाची पट्टी मानल्या जाणाऱ्या क्रॅब अभ्रिकेच्या तेजाचा जेमतेम सातवा हिस्सा. त्या रात्री तिचं सरासरी तेज क्रॅबच्या सातपट भरलं, आणि एकामागून एक आलेल्या उसळ्यांमध्ये ते तीन-साडेतीन मिनिटांच्या हिशेबानं चढत-उतरत होतं.

सक्रिय दीर्घिकांतून येणाऱ्या गॅमा किरणांचा सगळा पेच या तीन मिनिटांत सामावलेला आहे. एखादा प्रकाशस्रोत जितक्या वेळात बदलतो, तितक्या वेळात प्रकाश जेवढं अंतर कापेल त्याहून तो स्रोत मोठा असू शकत नाही. त्याच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला त्याआधी पोचणारच नाही. दोनशे सेकंदांत प्रकाश सहा कोटी किलोमीटर जातो. सूर्यापासून बुध साधारण इतकाच दूर आहे. आता त्या दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर पाहू. त्याचं वस्तुमान सूर्याच्या शंभर कोटी पट असावं असा अंदाज आहे. अशा कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाची त्रिज्या सुमारे तीनशे कोटी किलोमीटर भरते, म्हणजे जवळपास युरेनसच्या कक्षेएवढी. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. ज्या घराचा मूळ ठोकाच पावणेतीन तासांचा, तिथे तीन मिनिटांची हालचाल आली कुठून?

हे किरण कसे तयार होत असतील, याचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर आज आपल्याकडे आहे. ते नेमके कुठे तयार होतात आणि कोणत्या कणांपासून, हे मात्र पन्नास वर्षांनंतरही ठरलेलं नाही. या दोन प्रश्नांतला ‘कुठे’ हा आधीचा आणि अधिक कळीचा आहे असं मला वाटतं. तो सुटल्याशिवाय दुसरा सुटणार नाही. या लेखातला सारा आढावा त्याच प्रश्नाभोवती आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कृष्णविवरातून काहीच बाहेर पडत नाही, मग गॅमा किरण कसे, असं नेहमी विचारलं जातं. ते कृष्णविवरातून येत नाहीत. त्याच्या भोवतालातून येतात. आत ओढला जाणारा वायू भोवऱ्यासारखा फिरत चकती बनवतो, घर्षणानं तापतो आणि झळकतो. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराभोवतीच्या चकतीत हे प्रमाण ६ टक्क्यांपासून थेट ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ताऱ्यांच्या भट्टीपेक्षा ही भट्टी इतकी कार्यक्षम असल्यामुळेच दीर्घिकेच्या मध्यावरचा एक ठिपका आपल्या अब्जावधी ताऱ्यांना फिका पाडू शकतो.

पण ही चकती गॅमा किरण देत नाही. ती मुख्यतः दृश्य आणि अतिनील प्रकाशात तळपते. तिच्यावरचा अतितप्त वायूचा थर क्ष-किरण देतो, आणि तेही एका मर्यादेपर्यंतच. १९९१मध्ये अमेरिकेनं सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेनं एनजीसी ४१५१सारख्या साध्या सक्रिय दीर्घिका तपासल्या, तेव्हा त्यांचा वर्णपट लाखभर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास झपाट्यानं खाली येताना दिसला. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इथे आपण बोलतो आहोत ते अब्जावधी आणि लाखो कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांबद्दल. कोणताही वायू नुसता तापून इतकी ऊर्जा देऊ शकत नाही. त्यासाठी कणांना वेग देणारं दुसरंच काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे झोत.

हा झोत पहिल्यांदा नोंदवला हेबर कर्टिस यांनी, १९१८मध्ये. एम ८७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात केंद्रातून निघालेली एक चमत्कारिक सरळ रेघ त्यांना दिसली. त्या काळी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असतात हेच ठरायचं होतं, तेव्हा त्या रेघेचा अर्थ कोण लावणार? आज आपण जाणतो की सक्रिय दीर्घिकांपैकी साधारण दहातल्या एकीतून असे जोरकस झोत निघतात, प्रकाशाच्या जवळपास वेगानं, आणि काही तर लाखो प्रकाशवर्षं दूर पोचतात. रॉजर ब्लँडफोर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७मध्ये दाखवलं की फिरत्या कृष्णविवराभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या परिवलनातून ऊर्जा खेचून बाहेर काढू शकतं. झोतामागचं इंजिन म्हणून आजही याच कल्पनेवर बहुतेकांचा भरवसा आहे.

असा झोत योगायोगानं थेट आपल्या दिशेनं रोखलेला असेल, तर त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. हे नाव १९७८मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत एड स्पीगेल यांनी सुचवलं. बीएल लॅसर्टी ही दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे, यांच्या नावांची ती जोडणी आहे. बीएल लॅसर्टीची कथाही सांगण्यासारखी आहे. १९२९मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी तिची नोंद बदलता तारा म्हणून केली, आणि जवळजवळ चाळीस वर्षं ती ताऱ्यांच्या यादीत राहिली. एका दीर्घिकेचा गाभा तारा म्हणून खपून जावा इतका तो ठिपक्यासारखा आणि इतका चंचल होता.

झोत आपल्याकडे रोखलेला असण्याचे परिणाम विलक्षण आहेत. त्यातला प्रकाश पुढच्या अरुंद शंकूत एकवटतो, त्याची ऊर्जा वाढलेली दिसते आणि काळ आक्रसलेला दिसतो. झोतात तासाभरात घडलेली गोष्ट आपल्याला काही मिनिटांत घडल्यासारखी वाटते. ऊर्जा जितक्या पटीनं वाढते तो वर्धन-गुणक, आणि तेज तर त्याच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. गुणक दहा असेल तर तेज दहा हजार पट. म्हणून ब्लेझार संख्येनं विरळ असूनही गॅमा किरणांच्या आकाशात त्यांचंच राज्य आहे. ११ जून २००८ला सोडलेल्या फर्मी दुर्बिणीच्या यादीत आता सात हजारांवर स्रोत आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त ब्लेझार आहेत.

हे सारं एका दिवसात कळलेलं नाही. आपल्या आकाशगंगेबाहेरचा पहिला गॅमा-स्रोत सापडला तो ३सी २७३, मार्टेन श्मिट यांनी १९६३मध्ये ज्याची ताम्रसृती, म्हणजे वर्णपटाचं तांबड्याकडे सरकणं, उलगडली तोच क्वेसार. युरोपच्या ‘कॉस-बी’ उपग्रहानं १९७०च्या दशकात त्याचे गॅमा किरण टिपले. पुढची दीड दशकं तो एकटाच राहिला. जून १९९१मध्ये कॉम्प्टन वेधशाळेवरचं ‘एग्रेट’ उपकरण कन्या राशीच्या त्या भागाकडे वळलं, तेव्हा ३सी २७३पासून दहा अंशांवर, चित्रा ताऱ्याच्या शेजारच्या भागात, दुसराच स्रोत कितीतरी प्रखर तळपत होता. तो होता ३सी २७९, सुमारे पाच अब्ज प्रकाशवर्षं दूर. कॉस-बीनं हाच भाग पाहिला तेव्हा तो दिसला नव्हता. मधल्या काळात तो जागा झाला होता.

३सी २७९नं एक महत्त्वाचा तर्क पक्का केला. दोन प्रकाशकण एकमेकांवर आदळले आणि त्यांची ऊर्जा पुरेशी असली, तर दोघे नष्ट होऊन इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्माला येते. इतके प्रखर गॅमा किरण इतक्या झपाट्यानं बदलणाऱ्या, म्हणजे इतक्या लहान जागेत कोंडलेले असते, तर ते आपापसांतच आदळून संपले असते. आपल्यापर्यंत एकही पोचला नसता. ते पोचतात, याचा अर्थ ती जागा आपल्याकडे प्रचंड वेगानं धावते आहे आणि आपण पाहतो ते तेज फुगलेलं आहे. रेडिओ दुर्बिणींनी १९७१मध्ये याच ३सी २७९च्या झोतातल्या गाठी प्रकाशापेक्षा वेगानं सरकताना पाहिल्या होत्या. तो आभास असतो, आणि मार्टिन रीस यांनी १९६६मध्येच त्याचं भाकीत केलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एका जागी भेटले.

तोवर जमिनीवरूनही एक वाट फुटली होती. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणात शिरला की साधारण दहा किलोमीटर उंचीवर कणांची सर कोसळते, आणि ते कण हवेत निळसर चेरेनकोव्ह प्रकाशाचा काही नॅनोसेकंदांचा लखलखाट सोडतात. गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी इंग्लंडमधल्या हार्वेल इथे एका कचऱ्याच्या डब्यात छोटा आरसा आणि प्रकाशनलिका बसवून हा लखलखाट पहिल्यांदा टिपला आणि १९५३मध्ये प्रसिद्ध केला. त्या डब्यापासून अ‍ॅरिझोनातल्या दहा मीटरच्या व्हिपल दुर्बिणीपर्यंतचा प्रवास चिकाटीचा होता. तिनं १९८९मध्ये क्रॅब अभ्रिका निःसंशय टिपली आणि १९९२मध्ये सप्तर्षीतली मार्केरियन ४२१ ही सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षं दूरची ब्लेझार. लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात दिसलेली ती पहिली दीर्घिका.

आता ‘कसे’ या प्रश्नाकडे येऊ. ब्लेझारचा वर्णपट रेडिओपासून गॅमापर्यंत काढला तर त्यात उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसतात. पहिल्याबद्दल वाद नाही: चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा तो प्रकाश. त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. दुसरा उंचवटा गॅमा किरणांचा. त्याचं सरळ स्पष्टीकरण असं की तेच इलेक्ट्रॉन एखाद्या साध्या प्रकाशकणाला धडक देऊन त्याला गॅमा किरण बनवतात. हा साधा प्रकाशकण झोतातलाच असेल, किंवा चकतीभोवतीच्या वायूच्या ढगांतून आणि त्यापलीकडच्या धुळीच्या कड्यातून आलेला असेल. मार्केरियन ४२१मध्ये क्ष-किरण आणि गॅमा किरण बहुधा हातात हात घालून चढतात-उतरतात. एकाच इलेक्ट्रॉनांची ती दोन कामं असतील तर तसंच व्हायला हवं.

पण निसर्गानं इथे अपवाद ठेवले आहेत. जून २००२मध्ये १ईएस १९५९+६५० या ब्लेझारमध्ये गॅमा किरणांचा उद्रेक झाला आणि क्ष-किरणांत त्याची जोडी दिसलीच नाही. अशा जोडीविना झालेल्या उद्रेकांमुळे दुसऱ्या पक्षाला बळ मिळतं. तो पक्ष म्हणतो की झोतात प्रोटॉनही तितकेच वेगवान होत असतील; ते प्रकाशकणांवर आदळून पायॉन नावाचे कण निर्माण करत असतील आणि पायॉनांपासून गॅमा किरण जन्मत असतील. याची खूण पटवायला एकच साक्षीदार निर्विवाद आहे. प्रोटॉनांच्या या धडकांतून न्यूट्रिनोही सुटतात. इलेक्ट्रॉनांच्या खेळात ते निर्माण होत नाहीत.

तो साक्षीदार २२ सप्टेंबर २०१७ला आला. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात घन किलोमीटरभर पसरलेल्या ‘आइसक्यूब’नं सुमारे २९० लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक न्यूट्रिनो टिपला. त्याच्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ ही ब्लेझार होती, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षं दूर, आणि फर्मीला ती त्या काळात नेहमीपेक्षा प्रखर दिसत होती. ला पाल्मा बेटावरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनाही ती काही दिवसांत दिसली. जुलै २०१८मध्ये हा शोध जाहीर झाला तेव्हा प्रोटॉनांचा पक्ष जिंकला असं अनेकांना वाटलं.

पण आइसक्यूबनं जुनी नोंदही उघडून पाहिली होती, आणि तिनं गुंता वाढवला. त्याच दिशेनं २०१४-१५मध्ये न्यूट्रिनोंची झुंबड आली होती, सुमारे तेरा जादा घटनांची. आणि त्या महिन्यांत ब्लेझार गॅमा किरणांत शांत होती. २०२२मध्ये तर आणखी मोठा धक्का बसला. एनजीसी १०६८ या सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून ७९ जादा न्यूट्रिनो आल्याचं आइसक्यूबनं जाहीर केलं. ही ब्लेझार नाही. तिचा झोत आपल्याकडे रोखलेला नाही, आणि लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण तिच्यातून आलेलेच दिसत नाहीत. न्यूट्रिनो आणि गॅमा किरण एकाच धडकेतून जन्मत असतील, तर गॅमा गेले कुठे? सर्वांत पटणारं उत्तर असं की ते कृष्णविवराच्या इतक्या जवळ तयार होतात की तिथल्या क्ष-किरणांच्या दाट गर्दीत आदळून मरतात. न्यूट्रिनोंना कुणी अडवत नाही.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. न्यूट्रिनोंचा सर्वांत चांगला कारखाना गॅमा किरणांना बाहेर पडू देत नसेल, आणि गॅमा किरण मोकळे सोडणारी जागा न्यूट्रिनोंच्या दृष्टीनं गरीब असेल, तर आपण इतकी वर्षं एका जागेच्या शोधात दोन जागा शोधत होतो. पुन्हा प्रश्न ‘कुठे’ यापाशीच येऊन थांबतो.

त्या प्रश्नाची गाठ सर्वांत घट्ट बसली आहे ती क्वेसार जातीच्या ब्लेझारांमध्ये. त्यांच्या चकतीभोवती वेगानं फिरणाऱ्या वायूच्या ढगांचा तेजस्वी पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या आत तयार झालेला पुरेशा ऊर्जेचा गॅमा किरण त्यातल्या प्रकाशावर आदळून संपायला हवा. म्हणजे जो किरण आपल्यापर्यंत पोचला तो त्या पट्ट्याच्या बाहेर जन्मला. पण बाहेर झोत रुंदावलेला असतो, तिथे मिनिटांत बदल व्हायला नको. १७ जून २०१०ला मॅजिक दुर्बिणींनी पीकेएस १२२२+२१ या क्वेसारमधून ४०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण टिपले, आणि त्यांचं तेज दहा मिनिटांच्या आत दुप्पट होत होतं. ऊर्जा सांगते, दूर जन्मले. घड्याळ सांगतं, जवळ जन्मले. २०१८मध्ये शंभरावर प्रखर क्वेसारांचे फर्मीनं जमवलेले वर्णपट तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत त्या पट्ट्यातल्या शोषणाची खूण सापडली नाही. म्हणजे पारडं ‘दूर’च्या बाजूला झुकलं. मग घड्याळाचं काय करायचं?

यावर सुचवलेल्या उत्तरांत मला सर्वांत आशादायक वाटतं ते चुंबकीय पुनर्जोडणीचं. झोतातल्या विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात तेव्हा साठलेली ऊर्जा भसकन मोकळी होते. सौरज्वाळांमागेही हीच क्रिया असते. त्यातून झोताच्या आत छोटे छोटे झोत फुटतील आणि त्यांतला एखादा नेमका आपल्याकडे वळला तर क्षणभर प्रखर चमकेल. मग सारा झोत बदलायची गरज उरत नाही. त्याचा लहानसा तुकडा पुरतो. पीकेएस २१५५-३०४च्या तीन मिनिटांना ही कल्पना लागू पडते. तिची चाचणी मात्र अजून अप्रत्यक्षच आहे. उलट, डिसेंबर २०२१मध्ये सोडलेल्या ‘आयएक्सपीई’ उपग्रहानं मार्केरियन ५०१ या ब्लेझारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं तेव्हा ते दृश्य प्रकाशाच्या दुपटीच्या आसपास भरलं, आणि हे लक्षण धक्कालहरींकडे बोट दाखवतं: कण एका सीमेवर वेग घेतात आणि तिथून दूर जाताना ऊर्जा गमावत जातात. शांत काळात धक्कालहरी आणि उद्रेकात पुनर्जोडणी, असं दोन्ही खरं असू शकतं.

दूरच्या ब्लेझारांत झोताची रचना उलगडता येत नाही, म्हणून जवळच्या तीन दीर्घिकांचं मोल फार. पहिली एम ८७, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०१९मध्ये जिच्या कृष्णविवराची सावली जगानं पाहिली, तीच ही. सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमान. तिच्यातले गॅमा किरण काही दिवसांत बदलतात हे हेसनं दाखवलं. २००५च्या उद्रेकाच्या वेळी केंद्रापासून दोनशेहून अधिक प्रकाशवर्षं दूरची झोतातली एक गाठ प्रखर झाली होती, तेव्हा किरण त्या गाठीतून आले असावेत असं वाटलं. २००८च्या उद्रेकात मात्र रेडिओ दुर्बिणींना खुद्द गाभाच उजळताना दिसला. २०१०च्या उद्रेकात यांपैकी काहीच धड जुळलं नाही. एकाच दीर्घिकेनं तीन वेळा तीन वेगळे पत्ते दिले. एप्रिल २०१८मध्ये सावलीचं निरीक्षण चालू असतानाच पुन्हा एक उद्रेक झाला आणि पंचवीसहून जास्त दुर्बिणींनी तो एकत्र पाहिला, पण त्याचाही नेमका पत्ता निघाला नाही.

दुसरी आयसी ३१०, ययाती समूहातली. नोव्हेंबर २०१२मध्ये तिचं तेज पाच मिनिटांच्या आत बदललं, आणि तिच्या कृष्णविवराचं क्षितिज ओलांडायला प्रकाशाला वीसहून अधिक मिनिटं लागतात. तिचा झोत आपल्याकडे फारसा रोखलेलाही नाही, म्हणून वर्धनाचं कारण पुरेसं पडत नाही. इथे किरण कृष्णविवराच्या अगदी काठावर, त्याच्या चुंबकावरणातल्या विद्युत पोकळीत जन्मत असावेत असं मॅजिकच्या संशोधकांनी सुचवलं.

तिसरी नरतुरंगातली सेंटॉरस ए. २०२०मध्ये हेसनं दाखवलं की तिचे अतिऊर्जावान गॅमा किरण एका ठिपक्यातून न येता झोताच्या दिशेनं हजारो प्रकाशवर्षं पसरलेल्या पट्ट्यातून येतात. इतकी ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन एवढा प्रवास करण्याआधीच ती गमावून बसतात. तेव्हा त्यांना वेग देणारी यंत्रणा कृष्णविवरापाशीच नाही, झोतभर पसरलेली आहे. आयसी ३१० क्षितिजाच्या काठावर बोट ठेवते, सेंटॉरस ए दीर्घिकेच्या विस्तारावर. ‘कुठे’ या प्रश्नाचं एकवचनी उत्तर बहुधा नाहीच, हे या तिघींनी मिळून शिकवलं असं मी मानतो.

या किरणांनी वाटेत काय पाहिलं, हाही एक समृद्ध विषय आहे. विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांनी आजवर सांडलेला प्रकाश अवकाशात विखुरलेला आहे, आणि दूरचे गॅमा किरण त्याच्यावर आदळून कमी होत जातात. किती कमी झाले ते मोजलं की तो सांडलेला प्रकाश मोजता येतो. २०१८मध्ये फर्मीच्या संशोधकांनी ७३९ ब्लेझारांवरून हे केलं. आजवरच्या ताऱ्यांच्या प्रकाशकणांची संख्या निघाली चारावर चौऱ्याऐंशी शून्यं. ताऱ्यांचा जन्मदर सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वाधिक होता, हे दुर्बिणींनी दीर्घिका मोजून काढलेलं उत्तरही या वेगळ्या वाटेनं पुन्हा आलं.

इथे जयंत नारळीकरांची आठवण होते. ‘आकाशाशी जडले नाते’ वाचून खगोलशास्त्राकडे वळलेल्यांच्या पिढीतला मी एक. क्वेसारांची ताम्रसृती खरोखर अंतराची खूण आहे का, ही शंका त्यांनी हॉल्टन आर्प आणि फ्रेड हॉइल यांच्यासह दीर्घकाळ, निर्भीडपणे आणि गणितानिशी मांडली. त्या वादाचा निकाल आता त्यांच्या विरुद्ध गेला आहे असं मला वाटतं. क्वेसारांच्या भोवतालच्या दीर्घिका दिसल्या हे त्याचं मुख्य कारण. पण जितकी ताम्रसृती मोठी तितके गॅमा किरण वाटेत अधिक छाटलेले, हाही स्वतंत्र आणि भक्कम पुरावा आहे. क्वेसार जवळचे असते तर ही छाटणी दिसली नसती. शंका प्रामाणिक असली की तिच्यामुळे उत्तराची कसोटी अधिक कडक होते, आणि नारळीकरांनी ती कसोटी लावायला भाग पाडलं.

भारताचा या क्षेत्राशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ऊटीत चेरेनकोव्ह प्रकाशाचा मागोवा सुरू केला, पुढे ते पचमढीला गेले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं माउंट अबूवर ‘टॅक्टिक’ दुर्बीण उभारली, आणि १९९७मध्ये मार्केरियन ५०१चा मोठा उद्रेक झाला तेव्हा तो टॅक्टिकलाही दिसला. मग लडाखमधल्या हान्लेला सात दुर्बिणींचा ‘हगार’ संच आला. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच ठिकाणी, ४,२७० मीटर उंचीवर, ‘मेस’ दुर्बिणीचं उद्घाटन झालं. एकवीस मीटरचा आरसा, १,०८८ प्रकाशनलिकांचा कॅमेरा. आशियातली सर्वांत मोठी आणि जगातली सर्वाधिक उंचीवरची चेरेनकोव्ह दुर्बीण. उद्घाटनाच्या आधीच, २०२२-२३च्या हिवाळ्यात, ययाती समूहातल्याच एनजीसी १२७५ या दीर्घिकेचे उद्रेक तिनं टिपले होते. उंचीचा फायदा असा की लखलखाट जवळून दिसतो आणि कमी ऊर्जेचे किरणही सापडतात. दूरच्या क्वेसारांकडून येणारे न छाटलेले किरण नेमके त्याच पट्ट्यात असतात.

यापुढची मोठी झेप चेरेनकोव्ह टेलिस्कोप अ‍ॅरे वेधशाळेची. ला पाल्मा आणि चिलीतल्या परानालजवळ मिळून साठहून अधिक दुर्बिणी उभ्या राहायच्या आहेत. ला पाल्मावरच्या तिच्या पहिल्याच मोठ्या दुर्बिणीनं डिसेंबर २०२३मध्ये ओपी ३१३ हा क्वेसार टिपला. या ऊर्जेत दिसलेली ती तोवरची सर्वांत दूरची सक्रिय दीर्घिका. अशा यंत्राला २००६ची ती रात्र मिळाली असती, तर तीन मिनिटांऐवजी काही सेकंदांचे चढउतार मोजता आले असते.

पण मोठ्या आरशानं निम्मंच काम होईल. उद्रेक कोणत्याही घटकेला होतो, आणि चेरेनकोव्ह दुर्बीण फक्त अंधाऱ्या, निरभ्र रात्री पाहू शकते. म्हणून जगाच्या नकाशावर ती कुठे उभी आहे याला मोल आहे. अ‍ॅरिझोनातल्या व्हेरिटास दुर्बिणी आणि हान्लेची मेस या दोन्ही साधारण ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, आणि त्यांच्या रेखांशांत सुमारे १७० अंशांचं अंतर आहे. मार्केरियन ४२१ दोन्ही ठिकाणी जवळजवळ डोक्यावरून जाते. अ‍ॅरिझोनात ती मावळतीला झुकते तेव्हा लडाखमध्ये वर येऊ लागते, आणि अ‍ॅरिझोनात उजाडतं तेव्हा हान्लेत संध्याकाळ झालेली असते.